स्थापना केली म्हणजे काय केलं?

"मावशी, स्थापना केली म्हणजे पहिल्या दिवशी नक्की काय केलं?"

भाची परीक्षेची उजळणी करत होती. वहीत एकच ओळ: रयत शिक्षण संस्था, स्थापना 1919, संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील. एक मार्क मिळवायला तेवढं पुरतं. तिला पुरलं नाही, याचा मला फार आनंद झाला.

मग सांगत बसले. संस्था जिथे सुरू झाली ते कराडजवळचं काले गाव. पुढे 1924 साली साताऱ्यात सुरू झालेलं वसतिगृह, जिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. त्या काळात! आणि घरात धान्य संपलं तेव्हा पोरांच्या जेवणासाठी दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा देणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. 1930 मध्ये त्या गेल्या.

भाची म्हणाली, "मग त्यांचं नाव या ओळीत का नाही?"

दिवसभर तेच डोक्यात आहे. कर्मवीरांचं मोठेपण कोण नाकारेल? पण संस्था ठरावाने नोंदली जाते आणि रोजच्या चुलीवर उभी राहते. ती चूल सांभाळणारी माणसंही मला संस्थापकच वाटतात.

तुमच्या गावच्या शाळेतल्या पहिल्या पोरांना कोणी जेवू घातलं होतं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराल का?