अठ्ठेचाळीस की पन्नास?

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, बसवण्याच्या कामात तक्रार बहुतेक वेळा एकच असते: खोलीतून कोणी चाललं की सुई उडते. या घरातल्या बाईंची तक्रार दुहेरी होती. पावलांनी सुई उडायचीच, शिवाय मधूनच स्पीकरमधून जाड हम (घुमणारा आवाज) सुरू व्हायचा, काही वेळ राहायचा आणि आपोआप थांबायचा. आधीच्या तंत्रज्ञाने अर्थिंग तपासून झालं होतं, केबल बदलून झाल्या होत्या. "आता कार्ट्रिज बदला म्हणताहेत," त्या म्हणाल्या; कार्ट्रिज म्हणजे सुईच्या हालचालीचा विजेचा सिग्नल बनवणारा छोटा भाग. पुढे एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी लगेच वहीत टिपली: "तो आवाज सरळ नसतो हो, श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि ओसरतो."

टर्नटेबल उत्तम होतं. सस्पेन्शन (आतल्या स्प्रिंगा) नसलेलं, भरीव बांधणीचं, २४ किलोचं. त्याखाली ग्रॅनाइटची लादी, लादीखाली मऊ जेलचे पाय, मग रॅक आणि खाली लाकडी जमीन. जड वस्तू ठेवली, खाली मऊ काहीतरी घातलं की कंपन अडलं, हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने चांगल्या यंत्रांचं बरंच नुकसान होतं.

मऊ आधारावर ठेवलेल्या वजनाला स्वतःची एक वारंवारिता असते. त्या वारंवारितेच्या साधारण १.४ पटीच्या वर गेल्यावरच कंपन कमी व्हायला लागतं. त्याखाली काहीच अडत नाही, आणि नेमकं त्या वारंवारितेवर तर कंपन वाढतं. स्प्रिंग वजनाखाली किती दबते यावरून ती वारंवारिता काढता येते: १५.८ भागिले दबलेल्या मिलिमीटरचं वर्गमूळ. जेलचे पाय सुमारे ३ मिलिमीटर दबले होते, म्हणजे ९ हर्ट्झ. जेल आणि रबर हलत्या भाराला जास्त ताठ वागतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं वरच.

टोनआर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचा, हिशेब वेगळा. आर्मचं प्रभावी वस्तुमान १२ ग्रॅम, कार्ट्रिज ८, स्क्रू १; कार्ट्रिजचा लवचीकपणा १३. तिन्ही वजनांची बेरीज आणि लवचीकपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाने १५९ ला भागलं की ९.६ हर्ट्झ येतात. हा आकडा उत्तम आहे, योग्य मानल्या जाणाऱ्या ८ ते १२ हर्ट्झच्या मधोमध. पण पाय आणि आर्म एकाच जागी डोलणार, ही अडचण कागदावरच दिसली.

मग मोटर बंद ठेवून सुई स्थिर रेकॉर्डवर टेकवली, स्पीकर बंद केले आणि फोनो प्रीअँपचं (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राचं) आउटपुट लॅपटॉपमध्ये घेतलं. माझ्या मते या कामातली सगळ्यात प्रामाणिक चाचणी हीच. रेकॉर्ड फिरत नाही, म्हणजे जे काही येतं ते बाहेरूनच. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल देतं, आणि आरआयएए वक्रामुळे, म्हणजे रेकॉर्ड वाजवताना खालचे सूर वाढवण्याच्या ठरलेल्या प्रमाणामुळे, २० हर्ट्झ हे १००० हर्ट्झच्या तुलनेत जवळपास १० पट उचललं जातं. खालची कंपनं तिथे लपत नाहीत. बाईंना खोलीतून चालायला सांगितलं. ८ हर्ट्झवर डोंगर उभा राहिला. जमीन, पाय आणि आर्म, तिघांचा अनुनाद, म्हणजे स्वतःच्या वारंवारितेवरचं डोलणं, एकमेकांना खेटून होता.

तेवढ्यात हम सुरू झाला; स्पीकर बंद होते, तो आलेखावर दिसला. मी सुई उचलली, आणि आलेखावरचा मोठा उंचवटा गेला. विजेचा हम सुई उचलल्याने जात नाही. म्हणजे हा सुईतूनच आत येत होता. पुन्हा सुई टेकवली आणि विश्लेषणाची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा कालावधी, बरीच लांब केली, म्हणजे जवळजवळच्या वारंवारिता सुट्या दिसतात. ५० हर्ट्झवर एक छोटा सुळका होता, विजेचा, सुई उचलल्यावरही राहिलेला. मोठा सुळका त्याच्या डावीकडे, ४८ च्या किंचित वर. पंपांमध्ये असते तशी दोन ध्रुवांची इंडक्शन मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३००० फेऱ्यांपेक्षा नेहमी थोडी कमी फिरते. २९०० फेऱ्या म्हणजे ४८.३ हर्ट्झ. त्या दोन सुरांमधला फरक सेकंदाला दोन हेलकाव्यांच्या थोडा आत येतो, आणि बाईंना ऐकू येणारं फुगणं-ओसरणं तेच होतं. त्यांचे कान या सगळ्यात आधी बरोबर होते.

भिंतीला कान लावला. पलीकडे इमारतीचा पाण्याचा पंप चालू होता.

आता खरा निवाडा. बाईंना भिंतीवरची फळी हवी होती, आणि पावलांसाठी तो उत्तमच उपाय. जाड भिंत पावलांनी हलत नाही. पण हीच भिंत पंपाचा आवाज घेऊन येत होती. उलट जमिनीवरच मऊ स्प्रिंगा घातल्या, तर पंप अडला असता, ८ हर्ट्झही बराच कमी झाला असता, पण माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो आणि त्या संथ झोक्याला स्प्रिंग अडवत नाही. म्हणून दोन्ही: पावलं भिंतीने अडवायची, पंप स्प्रिंगांनी. ग्रॅनाइट काढून टाकला. तेवढं वजन फळीवर नको होतं, आणि लादी टिचकी मारली की वाजत होती.

स्प्रिंगा १६ मिलिमीटर दबतील अशा निवडल्या, म्हणजे ४ हर्ट्झ. ४८ वर पंप या वारंवारितेच्या १२ पट वर येतो. हिशेबाने एक टक्काही वर पोचू नये. प्रत्यक्षात स्प्रिंगच्या तारेलाही स्वतःचे अनुनाद असतात, म्हणून आत थोडा फोम घातला. तो उसळीही लवकर शमवतो. सगळ्यात जास्त वेळ वजनाच्या मध्यात गेला. मोटर एका कोपऱ्यात, आर्म दुसऱ्या; चारही स्प्रिंगा समान अंतरावर ठेवल्या तर प्रत्येक वेगळी दबणार. खालच्या पाटासकट यंत्र गोल दांड्यावर तोलून दोन्ही दिशांनी मध्य काढला आणि स्प्रिंगा त्याभोवती बसवल्या. पाणसळ प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीवर, ठेवली, फळीवर नाही. बोटाने वरून दाबून सोडलं, तर यंत्र सरळ वर-खाली व्हायला हवं, पिळवटता कामा नये.

शेवटी आर्मची आणि विजेची केबल सैल झोळी देऊन सोडली. ताणलेली केबल भिंतीला टेकली तर कंपनाला तोच पूल मिळतो, आणि महागातली महाग स्प्रिंग फुकट जाते.

पुन्हा तीच चाचणी. चालताना ८ हर्ट्झवर पूर्वीच्या डोंगराचा मागमूस नव्हता. पंपाची वाट पाहावी लागली. तो सुरू झाला तेव्हा ४८ वरचा सुळका ५० च्या छोट्या सुळक्याहूनही खाली होता. मग स्पीकर चालू करून बाईंनी स्वतः निवडलेली रेकॉर्ड लावली, संथ आलापीची. पंप चालूच होता. "तंबोऱ्याचा खर्ज आता वेगळा ऐकू येतोय," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. वूफरचे (खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचे) कोन आता उगाच आत-बाहेर होत नव्हते, म्हणून तेवढी मोकळीक मिळाली होती.

पंपाखाली रबराचे पॅड आणि पाइपात लवचीक तुकडा घालायला इमारतीच्या देखभालवाल्यांना सांगा, असं त्यांना लिहून दिलं. मूळ तिथे आहे. ते झालं तरी स्प्रिंगा काढू नका आणि रेकॉर्डवर ठेवायचा जड क्लॅम्प किंवा प्लॅटरवरची नवी मॅट घेतलीत तर आधी मला कळवा, असंही लिहिलं, कारण वजन बदललं की दबणं आणि पातळी पुन्हा जुळवावी लागते.