चिंगी, वर्तमानपत्र आणि मातीचा ट्रे

2023 च्या जूनमध्ये आमच्या सोसायटीशेजारच्या बांधकामावर रेतीच्या ढिगाऱ्यात कुत्र्याचे एक पिल्लू एकटेच सापडले. त्याची आई दोन दिवस फिरकली नव्हती. दात पाहून डॉक्टरांनी ते साधारण सात आठवड्यांचे असावे असा अंदाज बांधला आणि मुलीने त्याचे नाव चिंगी ठेवले. पुण्यातला चौथ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, घरात सासरे, आम्ही दोघे आणि मुलगी अशी चार माणसे, आणि यापूर्वी कुत्रे पाळण्याचा अनुभव फक्त अप्पांना म्हणजे सासऱ्यांना होता. तोही साताऱ्याकडच्या गावातला, जिथे घराला अंगण आणि पलीकडे शेत असल्यामुळे कुत्र्याला शू कुठे करायची हे शिकवण्याची वेळच कधी कोणावर आली नव्हती.

आमची खरी अडचण लसीकरणाची होती. आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्याला लस द्यायची आणि ती पूर्ण होईपर्यंत जिथे इतर कुत्री फिरतात अशा जमिनीवर तिला सोडायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि इतके लहान पिल्लू त्याने सहज दगावू शकते. म्हणजे जवळजवळ अडीच महिने सगळे विधी घरातच होणार होते. आम्ही सर्वांना ठाऊक असलेला उपाय केला आणि बाल्कनीत वर्तमानपत्रे अंथरली.

पहिल्या आठवड्यात चिंगीने बाल्कनी सोडून सगळीकडे शू केली. मोरीसमोरचे पायपुसणे, देवघरापुढची सतरंजी, आईच्या हातची गोधडी आणि तुळशीची कुंडी ही तिची आवडती ठिकाणे होती. उघड्या फरशीवर मात्र ती क्वचितच बसत असे. मी एकदा तिला गोधडीवर रंगेहाथ पकडून जोरात ओरडले. त्याचा परिणाम असा झाला की पुढचे चार दिवस ती दिवाणाखाली जाऊन, आम्हाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात कार्यभाग उरकू लागली. तिने माझ्या ओरडण्यातून घेतलेला धडा 'गोधडीवर करू नये' असा नव्हता, 'हिच्यासमोर करू नये' असा होता. अप्पांनी सुचवलेला, त्याच जागी तिचे नाक घासण्याचा जुना इलाज आम्ही केला नाही, हे आमचे सुदैवच म्हणायचे.

दुसऱ्या आठवड्यापासून मी एका वहीत तिच्या वेळा लिहू लागले. झोपेतून उठल्यावर दोन-तीन मिनिटांत, खाल्ल्यानंतर दहा ते वीस मिनिटांत आणि खेळ रंगात आला की मध्येच, असे तिचे वेळापत्रक चार दिवसांत कागदावर स्पष्ट दिसू लागले. जमिनीला नाक लावून गोल फिरायला लागली की हातात जेमतेम पाच सेकंद असतात, हेही कळले. पिल्लू जितक्या महिन्यांचे तितके तास, फार तर त्यात एक मिळवून, ते लघवी धरू शकते असा ढोबळ हिशेब डॉक्टरांनी सांगितला होता, त्यामुळे रात्री दीड वाजता आणि पहाटे पाचला गजर लावणे भाग पडले. या पाळ्यांवरून नवऱ्याशी झालेले वाद इथे लिहीत नाही.

स्वच्छतेच्या बाबतीतही आम्ही चुकलो. फिनेलने पुसले की आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, परंतु कुत्र्याच्या नाकाला जुन्या मूत्राचा वास तरीही लागतो आणि ते पुन्हा तिथेच जाते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून पुसल्यावर टाइल्सवर फरक पडला, पण संगमरवरी उंबऱ्याची झिलई मात्र कायमची गेली. शेवटी प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे द्रावण आणले, जे मूत्रातले घटकच मोडून टाकते, आणि सतरंजी व गोधडी माळ्यावर गेली.

यानंतर चिंगी वर्तमानपत्र शिकली, आणि इतकी पक्की शिकली की तीच नवी अडचण झाली. अप्पा सकाळी चष्मा लावून, जमिनीवर पेपर पसरून वाचतात. जुलैतल्या एका रविवारी ते चहा आणायला उठले आणि परत येईपर्यंत पुरवणी ओली झाली होती. चिंगीच्या दृष्टीने तिचे काहीच चुकले नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितले ते मला पहिल्याच दिवशी कळायला हवे होते: पिल्लू जागा शिकण्याआधी पायाखालचा पृष्ठभाग शिकते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पायाला जे लागले त्याची ओढ त्याला पुढेही राहते. चिंगी रेतीत वाढलेली होती. पायपुसणे, गोधडी आणि कुंडी यांत समान काय होते, तर मऊपणा आणि शोषून घेण्याचा गुण.

मग आम्ही रोपवाटिकेतून मातीची बंद पिशवी आणली, पसरट ट्रेमध्ये ती घालून बाल्कनीत ठेवला आणि कागद एकदम बंद केले. ट्रेमध्ये काम झाले की त्याच क्षणी उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा तोंडात द्यायचा, असा नियम केला; घरात येऊन डबा उघडेपर्यंत तिला त्या बक्षिसाचा संदर्भ उरत नसे. तीन आठवड्यांत घरातले अपघात दिवसाला सहावरून आठवड्याला एखाद्यावर आले.

ऑगस्टच्या अखेरीस तिला खाली नेले, तर ओल्या गवतावर तिने पाऊल ठेवायलाच नकार दिला. तासभर फिरून वर यायचे आणि लिफ्टमधून बाहेर पडताच जिन्यात शू, असे पाच दिवस चालले. ट्रेमधली वास लागलेली थोडी माती सोसायटीच्या भिंतीलगत, छज्जाखालच्या कोरड्या जागेत टाकल्यावर सहाव्या दिवशी तिने तिथे पहिल्यांदा केले. शू झाली की लगेच वर न आणता आम्ही आणखी दहा मिनिटे फिरवत असू, नाहीतर शू म्हणजे फेरी संपली असे समजून ती मुद्दाम धरून ठेवू लागते.

गणपतीत पाहुणे आले की दारातच तिची शू होई. ती सवयीतली चूक नसून आनंदाचा आणि थोड्या भीतीचा भर होता. आल्या आल्या तिच्याकडे कोणी वाकून पाहायचे नाही एवढे पथ्य सांगितल्यावर ते पुष्कळ कमी झाले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ट्रे काढून टाकला. त्यानंतर पाच आठवडे घरात एकही अपघात झाला नाही. दिवाळीच्या पहिल्या दिवशी मुलीने दारात दोन तास बसून मोठी रांगोळी काढली, आणि चिंगी तिच्याभोवती नाक खाली घालून गोल फिरू लागली. पांढरी, भुसभुशीत, पायाला रेतीसारखी लागणारी. पाच सेकंद आम्हाला पुरले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मुलीने तांदळाचे पीठ भिजवून ओली रांगोळी काढली.