फिका रंग, जड पान

लग्नाच्या रिसेप्शनला सिगारचं टेबल लावायची पद्धत न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांतही आता रुळली आहे. उन्हाळा लागला की आमच्या सिगारच्या दुकानात ‘माइल्ड द्या, आणि फार महाग नको’ म्हणत गिऱ्हाइकं येतात. त्यातलेच एक मराठी काका मुलीचं लग्न उरकल्यावर आमच्याकडून नेलेल्या सिगारच्या दोन्ही पेट्या परत घेऊन दुकानात आले. निम्म्याहून जास्त माल उरला होता. भर रिसेप्शनमध्ये पाच-सहा जणांना दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, नवऱ्या मुलाच्या मित्राला उलटी झाली. “अहो, माइल्ड म्हणून दिलेत ना तुम्ही?” काकांचा सवाल रास्त होता.

माल दिला होता संध्याकाळच्या पाळीतल्या मुलाने. तो स्वतः ओढत नाही, त्यात काहीच वाईट नाही. पण तो फळीवरची चिठ्ठी वाचून विकतो. चिठ्ठीवर कडकपणा दाखवणारे पाच ठिपके, त्यातले दोन भरलेले. या ठिपक्यांना कसलंही मानक नाही. प्रत्येक कंपनी आपल्याच मालाच्या मापाने ते भरते. जिचा सगळा माल निकाराग्वाचा आणि तिखट, तिचे दोन ठिपके दुसरीच्या चाराला भारी पडतात. त्यात त्या महिन्यात या पेट्यांवर दुकानाला घसघशीत सूट होती. म्हणजे मुलाने हात कुठे घातला असेल ते उघड आहे. आणि काकांनीही वास घेतला नाही, विचारलं नाही. पेटी उघडली, सोनेरी रंग पाहिला आणि पसंत केली.

मी काकांसमोरच एक सिगार उलगडला. बँड, म्हणजे नावाची कागदी पट्टी, सोडवायचा, डोक्याकडची टोपी (टोकावर चिकटवलेला पानाचा तुकडा) नखाने उचलायची आणि रॅपर, म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान, ज्या दिशेने गुंडाळलाय त्याच्या उलट फिरवत हळूहळू सोडवायचा. रॅपर देखणा होता. कनेक्टिकट बियाणाचं, इक्वेडोरमध्ये पिकवलेलं पान, शिरा बारीक, कुठे डाग नाही. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात १९०० सालापासून या तंबाखूवर कापडाचे मांडव घालतात. इक्वेडोरमध्ये आभाळच एवढं भरलेलं असतं की मांडवाची गरज पडत नाही. सावलीत वाढल्याने पान पातळ आणि फिकं होतं. चव बरीचशी रॅपरवर ठरते हे खरं, पण वजनाच्या हिशेबाने तो अख्ख्या सिगारचा अगदी थोडा भाग. कडकपणा आतल्या फिलरमध्ये, म्हणजे पोटात भरलेल्या पानांत असतो.

बाइंडर, म्हणजे फिलर बांधून ठेवणारं मधलं पान, सोडवला आणि फिलरची चार पानं टेबलावर मांडली. त्यातली दोन जाड, काळपट, बोटाला चिकटणारी. हे लिगेरो, म्हणजे रोपाच्या शेंड्याकडचं पान. सगळ्यात जास्त ऊन तेच खातं, सगळ्यात उशिरा तेच खुडतात, तेल आणि निकोटीन त्यातच सर्वांत जास्त. मधल्या पानांना सेको म्हणतात, वासासाठी. खालच्यांना व्होलाडो, नीट जळण्यासाठी. खात्री करायची तर प्रत्येक पानाचा तुकडा काडीने पेटवून पाहावा: व्होलाडो भुरकन जळतो, लिगेरो धुमसतो आणि विझतो. म्हणूनच वळणारा कारागीर लिगेरो बरोबर मधोमध ठेवतो. ते एका बाजूला सरकलं की सिगार त्या बाजूने जळत नाही आणि तोंड तिरकं होतं. माइल्ड सिगारमध्ये लिगेरो नसतंच, असलं तर अर्धं पान. इथे चारांत दोन! वरून सोनेरी रॅपर चढवून हा माल ‘कनेक्टिकट’ म्हणून विकला जातो. तसं म्हणायला कायद्याची आडकाठी नाही, कारण रॅपर खरोखरच त्या बियाणाचा आहे.

खटला इथेच निकाली निघायला हवा होता. पण उलगडताना आणखी एक गोष्ट बोटांना लागली होती. सिगार स्पंजासारखा दबत होता. नीट मुरलेला सिगार अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबला की थोडा दबतो आणि परत वर येतो. हा वर येतच नव्हता. विचारल्यावर कळलं, पुतण्याने एक व्हिडिओ पाहून दोन्ही पेट्या झिपच्या पिशवीत घातल्या होत्या आणि आत ओला स्पंज ठेवला होता. आठवडाभर!

व्हिडिओवाल्यांबद्दल न बोललेलंच बरं. सिगारला ओल लागते, पण मोजून: सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के, तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस. तापमान २४-२५ च्या वर राहिलं तर पानातली किड्याची अंडी फुटतात आणि टाचणीएवढी भोकं पडतात. लग्नाच्या दोन आठवडे आधी माल नेला तर साधा हवाबंद डबा पुरतो. त्यात ६९ टक्क्यांचं दुहेरी पाकीट ठेवायचं, जे कमी पडली तर ओल सोडतं आणि जास्त झाली तर शोषून घेतं. २५ सिगारमागे ६० ग्रॅमचं एक पाकीट. ओला स्पंज फक्त सोडत राहतो. फिलर फुगतो, हवा जायला वाट उरत नाही, ओढणारा जोर लावतो. जोर लावला की निखारा तापतो, धूर कडू होतो. मग विझतो, मग परत पेटवा.

टेबलावरचं सामानही काकांनी फोनवर दाखवलं. पेट्रोलचा लायटर, ज्याचा वास पहिल्या चार झुरक्यांत उतरतो. तिथे ब्युटेनचाच हवा. कापणी तर विचारूच नका. टोपीच्या रेषेच्या वर जेमतेम २ मिलिमीटर कापायचं असतं. या मंडळींनी रेषेखाली कापलं होतं, त्यामुळे रॅपर सुटत होता आणि तंबाखूचे तुकडे तोंडात येत होते. पेटवताना सिगार ज्योतीच्या थोडा वर, तिरका धरून आधी कड सगळीकडून भाजून घ्यायची, मग तोंडाला लावायचा. ते कुणी सांगितलंच नसणार.

आणि ओढणं. मिनिटाला एक झुरका, फार तर दोन. धूर तोंडात फिरवायचा आणि सोडायचा. सिगारेट ओढणारे नेमके इथे फसतात. ते धूर छातीत घेतात, दहा-दहा सेकंदांनी ओढतात, तेही रिकाम्या पोटी, हातात व्हिस्कीचा ग्लास. मोठ्या सिगारच्या तंबाखूत १०० ते २०० मिलिग्रॅम निकोटीन असू शकतं, साध्या सिगारेटीत ८ च्या आसपास. सगळं अंगात जात नाही, पण सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे गिळला नाही, छातीत घेतला नाही तरी निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. शेवटच्या तृतीयांशात सगळ्यात जास्त, म्हणून नवख्याने तो भाग राखदाणीतच सोडावा. माइल्ड सिगार प्रकृतीला चालतो असा एक समज गिऱ्हाइकांत फार आहे. तो खोटा आहे. माइल्ड असते चव आणि धक्का. कर्करोगाचा धोका रंग बघून कमी होत नाही.

मग दोष कुणाचा? पानाचा, स्पंजाचा की झुरक्यांचा? दोन सिगार मी ६५ टक्क्यांच्या डब्यात सुकत ठेवले. ओढायला मोकळे झाले, कडूपणा गेला, पण जडपणा तसाच. म्हणजे पान दोषी. पण काकांच्या सांगण्यात एक गोष्ट होती जी कशात बसत नव्हती. त्यांचे कोल्हापूरकडचे मेहुणे, वय सत्तरीपुढे, त्यांनी त्या रात्री लागोपाठ दोन सिगार ओढले आणि तिसरा खिशात घातला. काही झालं नाही. मेहुणे रोज तंबाखू मळतात! चुना घालून मळल्यावर जे होतं तेच सिगारच्या धुरात आपोआप होतं: अल्कामुळे निकोटीन मोकळं होऊन तोंडातून भिनतं. ज्या शरीराला त्याची सवय आहे त्याला हा सिगार खरोखर माइल्ड. मग चिठ्ठीवरचे दोन ठिपके मेहुण्यांच्या हिशेबाने बरोबरच म्हणायचे की काय?

उघडलेल्या पेट्या आम्ही परत घेत नाही, तरी मालकाला सांगून निम्म्या रकमेचा माल द्यायचं ठरलं. काकांना पुढच्या महिन्यात मित्रांसाठी पंचवीस हवे होते. न सरावलेल्यांसाठी मी आखूड माप सुचवतो: साडेचार-पाच इंच लांब, ४२ ते ४६ रिंग. रिंग हे जाडीचं माप, इंचाचा चौसष्टावा भाग. ५० रिंगचा रोबुस्टो मापाचा सिगार २० मिलिमीटरच्या आसपास जाड भरतो आणि पाऊण तास खातो, तेवढा वेळ लग्नात कोण बसतो! फिलर लांब पानाचा हवा, तुकड्यांचा लवकर आणि गरम जळतो. मॅकॅन्यूडो कॅफे हा नेहमीचा भरवशाचा, पण जरा महाग. त्याखाली होंडुरासचा बॅकरॅट, त्याच्या टोपीला गोडवा लावलेला असतो, नवख्यांना तो आवडतो. मला नाही आवडत, पण प्रश्न माझ्या आवडीचा नाही. क्वोरम शेड आणखी स्वस्त, मात्र त्यात तुकडा-फिलर मिसळलेला. किमतीत राज्याचा कर मोठा: न्यू जर्सीत घाऊक किमतीच्या ३० टक्के, तर डेलावेअर नदीपलीकडे पेन्सिल्वेनियात मोठ्या सिगारवर राज्याचा कर शून्य. संघीय कर सिगारमागे जास्तीत जास्त ४०.२६ सेंट. वीस मैल गाडी हाकून गिऱ्हाईक तिकडे का जातं हे आमच्या आमदारांना कोण सांगणार. ‘क्युबन आहे का’ हेही काकांनी विचारलंच. क्युबाच्या मालावर अमेरिकेत १९६२ पासून निर्बंध आहेत, हेही मी सांगितलं.

शेवटी बँड काढून दोन सिगार त्यांच्यापुढे ठेवले. एक बॅकरॅट, दुसरा गडद, जवळजवळ काळा मदुरो, आत नुसतं डॉमिनिकन सेको आणि व्होलाडो. रॅपर जास्त दिवस ढिगात आंबवला की काळा पडतो आणि गोडसर लागतो, कडक होत नाही. दोन्ही बेताने ओढून पाहिल्यावर काका म्हणाले, हा काळा जास्त सौम्य आहे.

“मग हेच पॅक करू का?”

“नको नको,” काका म्हणाले, “काळा बघून लोक हात लावणार नाहीत. तो फिकाच द्या.”

पंचवीस बॅकरॅट बांधून दिले, सोबत ६९ ची पाकिटं. पुतण्याला स्पंजाबद्दल स्वतःच सांगतो म्हणाले काका.