लागतं कधीतरी

मुंबईत सध्या टेम्पोत सामान चढवणाऱ्या कुणालाही विचारा, "कुठे निघालात?" बरेचदा उत्तर येतं, "कुठेच नाही हो, इथेच परत यायचंय." इमारत रीडेव्हलपमेंटला गेलेली असते. बिल्डर तीन वर्षं म्हणतो, सोसायटीतले जाणकार मान हलवत पाच म्हणतात, आणि सगळेजण त्याच गल्लीच्या, त्याच भाजीवाल्याच्या आसपास भाड्याचं घर शोधत फिरतात. आमच्या पार्ल्यात तर लागून असलेल्या दोन-तीन इमारती एकदम रिकाम्या होतात. एखादा फ्लॅट बघायला जावं, तर मागच्या विंगमधल्या काकू आधीच तिथे मोजपट्टी घेऊन उभ्या.

या घर बदलण्यात बिल्डर भाडं देतो, शिफ्टिंगचे पैसे देतो, कुठे कुठे दलालीही देतो. काय न्यायचं आणि काय नाही हे ठरवण्याचे पैसे मात्र कुठल्याच करारात नसतात, आणि घाम तर तिथेच निघतो. बांधाबांध काय, पॅकर्सची चार मुलं एका दिवसात अख्खं घर खोक्यांत भरून मोकळी होतात. पण भरणं हे त्यांचं काम, ठरवणं नाही. काही न ठरवता घर त्यांच्या हवाली केलं तर ती केराचा डबा केरासकट बबल रॅपमध्ये गुंडाळून नव्या घरी सुखरूप पोचवतात. असं घडलेलं मी माझ्या नणंदेकडे पाहिलंय.

शेवटच्या आठवड्यात घराघरांतून जी भांडणं होतात ती सगळी या ठरवण्यावरून. रात्रीचे साडेअकरा, हातात चिकटपट्टी, समोर लग्नात आलेला काचेच्या ग्लासांचा सेट, त्यातले चार शिल्लक. त्या घटकेला कुणीच शहाण्यासारखं ठरवत नाही. म्हणून यंदा आमचीही इमारत रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं की ठरवणं आधी, बांधणं नंतर, आणि मध्ये निदान महिन्याभराचा अवधी.

सुरुवात माळ्यावरून केली. जुन्या मुंबईकर घरांचा माळा कार्पेट एरियात धरत नाहीत, बिल्डरच्या नकाशावर दिसत नाही, पण निम्मा संसार तिथेच असतो. शिवाय तिथलं काहीही रोज लागत नाही, त्यामुळे महिनाभर आधी तो उपसला तरी कुणाचं अडत नाही. उलट, उत्साहाच्या भरात स्वयंपाकघरापासून सुरुवात करणारी कुटुंबंही पाहिलीत. पुढचे पंधरा दिवस ती कागदी प्लेटमधून पोहे खातात आणि एकमेकांवर खेकसतात.

माळ्यावरून तांब्याचा बंब उतरला. कल्हई गेलेली पितळी पातेली उतरली. २०१८च्या बंदीआधीचं थर्माकोलचं मखर उतरलं, कळसासकट. टीव्ही, मिक्सर आणि कधीकाळच्या व्हीसीआरची रिकामी खोकी उतरली. आत त्याच आकाराचे थर्माकोलचे ठोकळे, वस्तू केव्हाच भंगारात गेलेल्या. मग एक मोठं पिवळं पाकीट उतरलं, एक्स-रेचं.

"आई, हे कोणाचे हो?"

"ह्यांचे. गुडघ्याचे."

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"मग ठेवायचे?"

"असू देत गं. लागतं कधीतरी."

यावर काय बोलणार? ते एक्स-रे सध्या भाड्याच्या घरी, आमच्याबरोबरच आहेत.

पण त्या दुपारी मला एक गोष्ट उमगली. घरातल्या वडीलधाऱ्यांना "ठेवायचं की टाकायचं?" असं विचारूच नये. उत्तर ठरलेलं असतं, आणि ते देताना त्यांचा आवाजही चढतो. "हे कोणाला देऊ या?" असं विचारावं. मग त्या स्वतःच आठवायला लागतात. बंब बदलापूरच्या भाचेसुनेला, तिला जुन्या वस्तूंची आवड. मोठी परात कामाला येणाऱ्या सुनीताच्या लेकीला, तिचं लग्न आहे. समया देवळात. सतरंज्या महिला मंडळाला. दोन दिवसांत आईंनी माळ्याचा निम्मा भाग वाटून टाकला, आणि वर मलाच म्हणाल्या, "तू किती साठवून ठेवतेस!"

साड्यांसाठी बोहारीण बोलावली. आता त्या पूर्वीसारख्या दारावर फिरत नाहीत, निरोप धाडावा लागतो. तिने जमिनीवर बैठक मारली आणि एकेक साडी उजेडात धरून पाहिली. काठावरून अंगठा फिरवला, पदर उलटा करून जरीचा मागचा धागा नखाने खरवडला, आणि माझी आवडती गर्भरेशमी काही न बोलता बाजूला सारली. तिच्या लेखी ती मेलेली होती. तिने मोल दिलं ते नवऱ्याच्या पॅन्टींना आणि एका जाड चादरीला. झाकणासकट स्टीलचं पातेलं मिळालं. म्हणजे घरातलं सामान कमी करायला बसलो आणि एक पातेलं वाढलं.

रद्दीची वेगळीच कथा. काचेच्या वस्तू गुंडाळायला वर्तमानपत्रासारखं दुसरं काही नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण आमच्याकडे पेपर बंद होऊन बराच काळ लोटलाय, बातम्या फोनवर येतात आणि फोनमध्ये कपबशी गुंडाळता येत नाही. शेवटी रद्दीवाल्याकडूनच रद्दी विकत आणली, आपण घालतो त्याच्यापेक्षा चढ्या भावाने. तोही म्हणाला, "ताई, आता रद्दी राहिलीय कुठे?" उरलेली भर जुन्या सुती साड्यांनी आणि गोधड्यांनी केली. काचेला त्या कागदापेक्षाही बऱ्या, आणि पोचल्यावर फेकाव्या लागत नाहीत.

खोक्यांबद्दल माझं मत ठाम आहे. पुस्तकांना लहान खोकं. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की ते हलत नाही, हललंच तर बूड सोडतं. औषधांच्या दुकानातली खोकी भक्कम असतात, दुकानदाराला दोन दिवस आधी सांगून ठेवलं तर तो बाजूला काढून ठेवतो. आणि खोक्यावर "किचन" असं लिहू नये. सगळेच "किचन" लिहितात, मग नव्या घरी चौदा "किचन"मधून चहाचं गाळणं शोधत बसतात. खोक्यावर फक्त नंबर घालायचा आणि आत काय आहे ते एका वहीत लिहायचं. वही स्वतःच्या पर्समध्ये. आमच्याकडे तरीही एका खोक्यावर कुणीतरी "इतर" लिहिलंच. त्यात काय आहे हे वहीलाही माहीत नाही.

आता नवऱ्याविषयी. आईंचा "लागतं कधीतरी" त्याच्यात पुरेपूर उतरलाय, फक्त त्याचं क्षेत्र स्क्रू, वायर आणि वॉशर. त्याचा डबा मी भंगारवाल्यासाठी बाजूला काढला होता. तेवढ्यात पॅकर्सचा माणूस घर बघायला आला आणि वॉशिंग मशीन पुढून उघडणारं आहे हे पाहून म्हणाला, "मॅडम, इसके बोल्ट हैं क्या?" अशा मशीनचा ड्रम स्प्रिंगवर लटकलेला असतो. कारखान्यातून येताना तो हलू नये म्हणून मागून लांब बोल्ट घातलेले असतात, मशीन बसवताना ते काढतात आणि दर वेळी मशीन हलवताना पुन्हा घालायचे असतात. नाहीतर टेम्पोत हादरे बसून ड्रम आतल्या आत आपटतो. बहुतेक घरांत ते बोल्ट पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात जातात. नवऱ्याने शांतपणे डबा उघडला, तळातून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात चारही बोल्ट, वर त्याच्या अक्षरात चिठ्ठी, "वॉ. मशीन, जपून ठेवणे". त्या दिवसापासून घरात भंगार या विषयावर मला बोलायची सोय राहिलेली नाही.

बाकीच्या यंत्रांचं थोडक्यात. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्यायचा, उभाच न्यायचा आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करायचा. एसी काढायला जाणकार माणूसच हवा, कारण काढण्याआधी आतला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद करावे लागतात. घाईत नळ्या कापणारा भेटला तर गॅस हवेत आणि भरायचा खर्च तुमच्या माथी.

शेगडीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. आमच्या जुन्या इमारतीत नळाचा गॅस होता, भाड्याच्या घरी सिलेंडर. नळाच्या गॅसचा दाब कमी म्हणून त्या शेगडीच्या नोझलचं भोक मोठं असतं. तीच शेगडी तशीच सिलेंडरला जोडली तर ज्योत भसकन वर येते. मेकॅनिक बोलावून नोझल बदलून घ्यावे लागतात, काम किरकोळ असतं, पण आधी सुचायला हवं. विजेचंही तसंच. पार्ल्यातल्या पार्ल्यात हललात तर फारसा फरक नाही, पण माहीमच्या पलीकडे दक्षिणेला गेलात तर बेस्टचं मीटर, आणि मुलुंड-भांडुपला गेलात तर महावितरणचं. जुनं घर सोडताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा. फोटो फुकट असतो आणि पुढची हुज्जत वाचवतो.

कागदपत्रांत भाड्याच्या घराचा लीव्ह अँड लायसन्स करार आला. आपल्याकडे लोक अजूनही "अकरा महिन्यांचा केला, नोंदणी कशाला" म्हणतात. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदलेला लागतो. आता एजंट मशीन घेऊन घरीच येतो, अंगठे आणि फोटो घेऊन जातो. आईंनी अंगठा दिला आणि विचारलं, "म्हणजे मी आता निरक्षर का?" त्यांना करारात धरलेलंही नव्हतं, पण मशीन बघून त्यांनी हौसेने अंगठा टेकवला होता. एजंट बिचारा हसत राहिला.

त्यानंतर नव्या सोसायटीचे नियम. लिफ्टमध्ये सामान अमुक वेळेतच, रविवारी नाही, डिपॉझिट भरा, वॉचमनला चिठ्ठी द्या. हे टेम्पो ठरवायच्या आधी विचारून घ्यावं. महिनाअखेरीला तर सगळ्यांचेच करार संपतात, त्यामुळे ३० आणि १ तारखेला टेम्पो मिळत नाही आणि मिळाला तर भाव खातो. मधल्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार बरा. आणि जूनच्या आत. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो असं वेधशाळेची तारीख सांगते, पण गाद्या टेम्पोत चढवल्या की तो त्याआधीही येतो.

प्रत्यक्ष दिवशी आम्ही फार काही केलं नाही, कारण करण्यासारखं उरलंच नव्हतं. आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी कपाट एकट्या माणसाने उतरवलं. कपाळावरून आणि पाठीवरून पट्टा, कपाट पाठीशी टेकवलेलं, डोळे पायरीवर. त्याच्या खाली दुसरा उलट्या पावलांनी उतरत होता, कपाटाला हात न लावता. त्याचं काम फक्त बोलायचं. "बाये... बाये... रुक... आता सीधा." वळणावर कपाटाचा कोपरा आणि भिंत यांच्यात जेमतेम बोटभर जागा राहिली. खाली पोचल्यावर त्याने पट्टा सोडला आणि आधी पाणी मागितलं. वडापाव सांगून ठेवले होते, त्यातले दोन आईंनी स्वतःच्या हाताने त्याला दिले.

देव, लोणच्याची बरणी, तुळस आणि कागदपत्रांची पिशवी मात्र टेम्पोत गेली नाहीत. देवांना पॅकर्स हात लावत नाहीत, "भगवान आप ही ले जाओ" म्हणतात. बरणीवर आईंचा विश्वास फक्त स्वतःच्या मांडीवर. तुळशीला दोन दिवस पाणी घातलं नव्हतं, म्हणजे कुंडी हलकी राहते आणि रिक्षात चिखल होत नाही. पिशवीत सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि बिल्डरबरोबरचा पर्यायी जागेचा करार. परत यायचा हक्क त्या कागदांवर, म्हणून ती माझ्या खांद्याला. रिक्षावाल्याने मागे वळून आमच्याकडे एक नजर टाकली आणि मीटर टाकला.

त्या रात्रीसाठी एक खोकं वेगळं होतं. चहा-साखर, पातेलं, सांडशी, गाळणं, औषधं, स्क्रू ड्रायव्हर, एक्स्टेंशन बोर्ड, चार चादरी, मच्छरांची कॉइल. ते टेम्पोत सर्वांत शेवटी चढवलं म्हणून सर्वांत आधी उतरलं. आईंनी देव मांडून दूध उतू घालवलं, नवऱ्याने फ्रिजची जागा तीन वेळा बदलली, आणि मी पहिला चहा ओतत होते तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई होत्या, हातात झाकलेली वाटी.

"पुरणपोळी आहे, जरा गारच झालीय. आणि ऐका, पाणी सकाळी सहा ते सव्वासातच येतं हं. पिंप असेल तर आत्ताच काढून ठेवा."

मी पर्समधली वही काढली. पिंप वहीत नव्हतं. नवऱ्याने "इतर"कडे बोट दाखवलं.