सोंग

सिंगापूरला लेकीच्या इमारतीत तळमजल्यावर घरंच नाहीत. नुसते खांब आणि मोकळी जागा. सरकारी इमारतींतल्या या जागेला इथे ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. लग्नाचे मांडव तिथेच पडतात, मयताला माणसंही तिथेच जमतात. आणि सकाळी सातला, जेमतेम उजाडत असताना, पंधरा-वीस आजी-आजोबा न दिसणारी चादर पिळत असल्यासारखे हात फिरवत असतात. चार दिवस लांबून बघितलं, पाचव्या दिवशी गपचूप मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

शिकवणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या. इथे मोठ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, म्हणून मी त्यांना आंटी म्हणते आणि त्या मला. आम्ही करतो ते चोवीस हालचालींचं ताई ची. 1956 साली चीनच्या क्रीडा खात्यानं सामान्य माणसाला झेपेल असं बेतून दिलेलं, पाच-सहा मिनिटांत संपणारं. नावं मात्र काय एकेक! रानघोड्याची आयाळ विंचरा. चिमणीची शेपटी धरा. समुद्राच्या तळाशी सुई. मला वाटलं, किती नाजूक कारभार! पण हे मुळात मारामारीचं शास्त्र, सतराव्या शतकात हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात वाढलेलं. आयाळ विंचरणं म्हणजे समोरच्याच्या काखेखाली हात घालून त्याला उलथवणं. आंटींनी ते माझ्यावरच करून दाखवलं. पडले नाही, कारण त्यांनीच धरलं.

त्यांचा एक शब्द मिनिटामिनिटाला येतो. ‘सोंग!’

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकलेच. शाळा बुडवायला माझं पोट दुखायचं तेव्हा आई अगदी याच सुरात म्हणायची, ‘सोंगं पुरे!’ या बाईला कसं कळलं? लेक घरी हसत सुटली. चिनीत सोंग म्हणजे सैल सोडणं.

‘सोडलंय की,’ मी दुसऱ्या दिवशी आंटींना खुणेनं सांगितलं. त्यांनी माझं मनगट दोन बोटांनी खांद्याइतकं वर उचललं आणि बोटं काढून घेतली. हात तिथेच! खुंटीला टांगल्यासारखा हवेत. मागचे आजोबा खुसखुसले. सैल सोडल्याचं माझं सोंग असं सर्वांसमक्ष उघडं पडलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. त्या यादीत मी हेही घातलं.

त्याहून अवघड काम पायांचं. दर पावलाला एक पाय भरलेला, एक रिकामा. सगळं वजन एका पायात ओतायचं आणि मगच दुसरा उचलायचा, मांजर टाकतं तसा अलगद. उजव्यावर मी झकास उभी राहते. डाव्यावर आले की घोटा लटपटतो, बोटं फरशी धरू बघतात, श्वास कोंडतो. साठी उलटेपर्यंत मी दोन पायांवर उभी आहे अशी माझी समजूत होती. ओट्याशी, बसच्या रांगेत, बँकेच्या खिडकीशी मी उजव्याच पायावर रेलून उभी असणार. डावा नुसता सोबतीला.

पुण्यात आमच्या कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या काकांनी एकदा विचारलं होतं, ‘काकू, लंगडी घालत चालता का हो? उजवीची टाच पार गेलीय, डावी कोरी.’ तेव्हा मी चपलेच्या कंपनीला नावं ठेवली होती.

तीन महिने झाले. हात आता सोडला की पडतो, निदान तीनदा सांगितल्यावर तरी. डावा घोटा अजून कुरकुरतो. इथे आल्यावर घेतलेल्या चपला परवा दाराशी उलट्या करून, चष्मा लावून, दोन्ही टाचा शेजारी शेजारी ताडून बघत होते. तेवढ्यात लेक बाहेर आली.

‘आई, चपला सरळ कर आधी. घरात भांडणं होतात, तूच सांगायचीस ना?’