आजोबांच्या पेटीतली हत्यारं आणि त्यांच्यावरचे ठसे

आजोबा नागपुरातल्या मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते. महाल भागातल्या घराची वाटणी झाली तेव्हा त्यांची सागवानी पेटी कुणी मागितली नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. आत एक बिडाचा रंधा, चार पटाश्या, करवत, हातोडा, घडीची फूटपट्टी, नट-बोल्टचे दोन पाने आणि लाकूड तासायचं एक वाकस. सगळ्यावर गंज. कुठलं हत्यार कधीचं, कुणी बनवलेलं, हे मला जाणून घ्यायचं होतं.

पहिल्याच दिवशी केलेली चूक आधी सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून ती होणार नाही. करवतीचं पातं फार गंजलं होतं. मी ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर आणला आणि अंगणात बसून तासाभरात पातं चकचकीत केलं. रात्री सकाळचा फोटो मोबाईलवर मोठा करून पाहिला, तर पात्याच्या मधोमध गंजाआड पुसट अक्षरांची कमान होती. अशा करवतीवरचं नाव बरेचदा ठोकलेलं नसतं, आम्लाने कोरलेलं असतं. त्याची खोली इतकी कमी की पॉलिश पेपरचे चार हात फिरले की संपलं. मुठीवरच्या पितळी बटणात गरुड आहे आणि भोवती ‘वॉरंटेड सुपीरियर’ अशी अक्षरं. वाटलं, निदान हे तरी सांगेल. पण तेच बटण कितीतरी कारखाने आपापल्या करवतींना लावत. त्यावरून कारखाना कळत नाही. नाव होतं ते पात्यावरच.

त्यानंतर मी इतवारीत लोहा ओळीतल्या एका जुन्या दुकानदार काकांकडे गेलो. त्यांनी पातं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, “आधी वाच ना बाप्पा, मंग घास. लोखंड कुठी पळून चाललं काय?”

पुढे सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं. हत्यार रात्रभर घासलेटात ठेवायचं, सकाळी जुन्या टूथब्रशने हलकं घासायचं, फडक्याने टिपायचं. मग खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरायचा, म्हणजे अक्षरांच्या कडांची सावली पडते. तरीही वाचता आलं नाही तर वर खडूची पूड चोळून पुसायची. खाचांत पांढरं राहतं. शेवटी पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवायची, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी. मे महिना होता, म्हणून हे सगळं सकाळी आठच्या आत.

पटाशीवर अशी पहिली अक्षरं उमटली: मार्पल्स, शेफील्ड, बाजूला तीन पानांची शॅमरॉक, आणि खाली ‘कास्ट स्टील’. मी कास्ट आयर्न, म्हणजे बीड समजलो आणि गोंधळलो. बिडाची पटाशी पहिल्याच ठोक्याला तुटेल. कास्ट स्टील म्हणजे मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात ही पद्धत बसवली, आणि पुढे दीडशेहून जास्त वर्षं चांगल्या हत्यारांवर हे शब्द मिरवले गेले. त्यामुळे नुसत्या ‘कास्ट स्टील’वरून साल काढायला जाऊ नये, पट्टा फार लांब आहे. मार्पल्सचा कारखानाही १८२८ पासूनचा.

रंध्याने मात्र महिना खाल्ला. नाकावर ‘बेली’ असं ओतलेलं. लिओनार्ड बेलीच्या रंध्यांचे पेटंट हक्क अमेरिकेतल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅनले कंपनीने १८६९ मध्ये घेतले होते, आणि पुढे त्याचं नाव रंध्यावर घातलं. पातं आणि त्याखालचा बिडाचा ठोकळा काढला तर तळाशी तीन तारखा: २५ मार्च ०२, १९ ऑगस्ट ०२, १९ एप्रिल १०. मी लगेच वहीत लिहिलं, ‘१९१० चा रंधा’. ते चूक होतं. या पेटंटच्या तारखा आहेत. रंधा १९१० च्या आधीचा नाही, एवढंच त्या सांगतात. दुसरं टोक वेगळीकडून मिळालं. १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर ओतीव तळावर शेवटची एकच तारीख उरली, आणि पुढे तीही गेली. पुढची गोल मूठ आधीच्या रंध्यांवर बुटकी असे, माझी उंच आहे. म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची. पात्यावर बदामाच्या आकारात ‘एस डब्ल्यू’ अक्षरं. अक्षरं स्टॅनले वर्क्सची, आणि बदाम, म्हणजे इंग्रजीतलं हार्ट, तिथल्या विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून. ही खूण १९२० पासूनची. पातं झिजलं की बदलतात, म्हणून पात्याची साक्ष मी सर्वांत शेवटी घेतो. इथे तिन्ही जुळतात. १९२० च्या दशकाचा पूर्वार्ध.

आजोबांचा जन्म १९२८ चा. म्हणजे हा रंधा त्यांनी कुणाचा तरी वापरलेला घेतला होता. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ तो हातात घेऊन बसलो.

फूटपट्टी सोपी निघाली. पिवळ्या लाकडाची, पितळी बिजागऱ्यांची, बर्मिंगहॅमच्या रेबोनची. १९६३ मध्ये ही कंपनी चेस्टरमनशी जोडली गेली आणि नाव रेबोन चेस्टरमन झालं. माझ्या पट्टीवर नुसतं रेबोन आहे, त्यामुळे ती त्याआधीची. पान्यावरच्या ‘३/८ डब्ल्यू’चाही उलगडा झाला. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, एक इंग्रज इंजिनियर, आणि १८४१ मधली त्याची आट्यांची पद्धत. आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, इंचांत, पान्याच्या तोंडाचा नाही. तोंड मोजलं तर १८ मिलिमीटर भरलं.

हातोड्यावर ‘बी एन आर’. हा कारखान्याचा ठसा नाही, मालकाचा. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ ची, १९४४ मध्ये सरकारकडे गेली आणि १९५२ मध्ये ते नावच मिटलं. कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे म्युझियममध्ये जाऊन मी तीच अक्षरं पाहून आलो. रेल्वेचा हातोडा घरी कसा, या विचाराने मी अस्वस्थ होतो. बाबांनी सांगितलं, भंगाराच्या लिलावातून कुणी उचलला होता, त्याच्याकडून आजोबांनी पैसे देऊन घेतला.

एक खूण मात्र कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडेना: तीन ठिपके, त्रिकोणात. रंध्याच्या कडेला, पटाश्यांच्या मानेवर, हातोड्यावरही. शेफील्डच्या खुणा धुंडाळण्यात माझे दोन आठवडे गेले. मग ते ठिपके वाकसावरही दिसले, आणि वाकस तर लोहाराचं आहे, त्यावर नाव कुठून असणार! बाबांना दाखवलं. ते म्हणाले, “अरे, हे आजोबांचंच. सगळ्यांच्या पेट्या शेजारी शेजारी असायच्या ना. जेवायची सुट्टी झाली की कुणाची पटाशी कुणाकडे जाईल, नेम नसायचा.”

आता प्रत्येक हत्याराला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे. कुणी बनवलं, कधीपासून कधीपर्यंत, आणि कशावरून. करवतीच्या चिठ्ठीवर असं आहे: ‘बटणावर गरुड. पात्यावर नाव होतं, ते मी पॉलिश पेपरने घालवलं. फोटोत तीन अक्षरांच्या कडा दिसतात, त्या मागे काढून ठेवल्या आहेत.’