धर्मग्राम बंद झाल्यानंतरची जपमाळ

बोस्टनजवळच्या ज्या चर्चमध्ये माझी आतेबहीण लग्न होऊन गेल्यापासून जात होती, ते बंद झाले. रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे मुख्य उपासनेनंतर, बिशपांचे पत्र वाचून दाखवण्यात आले, धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चशी जोडलेला भाविकांचा समुदाय) शेजारच्या धर्मग्रामात विलीन झाला आणि काही महिन्यांनी दाराला कुलूप लागले. ताईने हे इंदूरला कळवले, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी 'चर्च म्हणजे इमारत नव्हे, माणसे' असे सांगून तिची समजूत घातली. वाक्य खरे आहे, पण ज्यांचे चर्च उघडे असते त्यांनाच ते सहज सुचते.

कॅथलिक धर्मसभेचा कायदासुद्धा इमारतीला इतके हलके मानत नाही. धर्मग्राम विलीन करणे हा एक निर्णय आणि चर्चची वास्तू उपासनेतून काढून घेणे हा दुसरा. पहिला घेतला म्हणून दुसरा आपोआप होत नाही. त्यासाठी कलम 1222 नुसार गंभीर कारण लागते, बिशपांना धर्मगुरूंच्या मंडळाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि वास्तूचा पुढचा वापर अशोभनीय असून चालत नाही. धर्मगुरूंची टंचाई किंवा धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या सगळ्या प्रदेशाची, एकूण आर्थिक ओढाताण एवढेच कारण त्याला पुरेसे नाही, असे व्हॅटिकनने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या मात्र विलीनीकरणाबरोबरच नव्या धर्मग्रामाकडे जातात. ताईच्या दोन्ही मुलांची नावे आता तिथल्या कपाटात आहेत आणि तिला सर्वांत जास्त लागले ते हेच.

त्याच भागात सिच्युएट नावाचे गाव आहे. बोस्टनच्या महाधर्मप्रांताने 2004 मध्ये साठहून अधिक धर्मग्राम बंद करण्याचे ठरवले, तेव्हा तिथल्या सेंट फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी चर्चच्या भाविकांनी चर्च सोडायलाच नकार दिला. आळीपाळीने पाळ्या लावून, रात्रीही कोणी ना कोणी आत मुक्कामाला राहील अशी व्यवस्था करून, त्यांनी ते अकरा वर्षांहून अधिक काळ उघडे ठेवले. व्हॅटिकनकडे केलेली अपिले फेटाळली गेली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि मे 2016 मध्ये ते बाहेर पडले. ते हरले असेच म्हणावे लागेल. पण धर्मगुरू नेमलेला नसताना इतकी वर्षे प्रार्थना चालली ती पाळीच्या तक्त्यामुळे, असे मला वाटते. केवळ भक्तीवर एवढा पल्ला गाठता येत नाही. कोणाची वेळ कोणती, हे लिहिलेले असावे लागते.

आम्हा इंदूरच्या मराठी कॅथलिकांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. लाल गिरजाघरात आम्ही हिंदीतून मिस्सा ऐकत वाढलो. नगर जिल्ह्यातून आजोबांनी आणलेली मराठी प्रार्थना टिकली ती घरात, ऑक्टोबर महिन्यात या घरून त्या घरी फिरणाऱ्या जपमाळेमुळे. मराठीसाठी आम्हाला कधी चर्च नव्हतेच, त्यामुळे ते बंद पडण्याची भीतीही नव्हती. (चहाबरोबर पोहे-जिलेबी द्यायची की नुसती बिस्किटे, यावरून मात्र दरवर्षी रुसवेफुगवे होतात.)

आता ताई रोज फोनवरून आमच्या जपमाळेत बसते. इथे सकाळचे साडेसहा, तिच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ. त्यातून पहिल्याच आठवड्यात अडचण उभी राहिली. जपमाळ म्हणताना येशू आणि मरियेच्या जीवनातल्या ज्या प्रसंगांचे मनन करायचे त्यांना रहस्ये म्हणतात आणि कोणत्या वारी कोणती, हे ठरलेले असते. शुक्रवारी सकाळी आम्ही दुःखाची रहस्ये काढली, तर तिच्याकडे अजून गुरुवार, म्हणजे प्रकाशाची रहस्ये. ही पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली; आमच्या मामींनी ती अद्याप मनापासून स्वीकारलेली नाहीत, त्यामुळे त्यांचा कौल अर्थातच इंदूरच्या शुक्रवारला होता. ताईने ऐकले नाही. शेवटी जो पहिले रहस्य सांगेल त्याच्या गावचा वार धरायचा, असे ठरले आणि त्यासाठी पाळ्या लावल्या. तक्ता फ्रिजवर चिकटवला आहे.

नोव्हेंबरात तिकडची घड्याळे तासभर मागे जातील. तिचे रात्रीचे नऊ तेव्हा आमचे साडेसात होतील आणि त्याच वेळी मुलांची शाळेची बस येते. वेळ कोणी बदलायची, यावर ताई आणि मामींचे बोलणे अजून चालू आहे.